दहाव्या वर्षाची बायोप्सी

शोधनिबंधांची यादी कुणी वाचत नाही, ती मोजतात. मी स्वतः हे केलेलं आहे म्हणून सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेमणुकांच्या मुलाखतींना मी बरीच वर्षं बसलो. उमेदवार आत यायच्या आधी त्याची फाइल टेबलावरून सरकत यायची. शेवटच्या चार-पाच पानांवर त्याच्या पेपरांची यादी असायची. ती अंगठ्यानं चाळून कुणीतरी म्हणायचं, "बत्तीस आहेत." पुढच्याचे एकोणीस. वांगी घेतानासुद्धा आपण देठ बघतो, कीड आहे का ते बघतो. इथे तेवढीही तसदी नव्हती.

त्यामुळे या पुस्तकाचा लेखक, जो एकेकाळी माझा विद्यार्थी होता आणि आता स्वतःच निवृत्तीला टेकला आहे, तो जेव्हा म्हणाला की सर, मी एका सर्जनच्या पेपरांच्या यादीवर पुस्तक लिहिलंय, प्रस्तावना द्या, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "अरे, पण हे वाचणार कोण?" हस्तलिखित वाचून झाल्यावर प्रश्न मागे घेतला. त्यानं यादी मोजली नाही. ओळीओळीला थांबून त्यामागच्या पेशंटांकडे बघितलं आहे.

यादी डेव्हिड सदरलँड यांची. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेल्या मिनेसोटा राज्याच्या विद्यापीठात, मिनियापोलिस शहरात, त्यांनी स्वादुपिंडाचं रोपण हा विषय चार दशकांच्या आसपास लावून धरला. स्वादुपिंड, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या भाषेत पॅन्क्रियाज. त्यांचे शेकडो पेपर आहेत आणि बहुतेकांवर पाच-सात नावं आहेत, कारण हे काम एकट्याचं नसतंच. लेखकानं त्यांतले मोजके निवडून मराठीत उलगडले आहेत. मधुमेहाचा पेशंट, त्याची आई, नर्सिंगची विद्यार्थिनी, गावातला डॉक्टर, कुणीही हे वाचू शकेल अशी भाषा आहे. माझं काम वाचकाला दारापर्यंत सोडण्याचं. पण म्हातारा माणूस दाराशी सोडायला आला की चार गोष्टी सांगितल्याशिवाय परत फिरत नाही, हे गृहीत धरा.

मी हाउसमन असताना आमच्या वॉर्डात एक मुलगी होती, नववीतली. खेड्यातून आलेली. घरी फ्रिज नव्हता, तेव्हा इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची. बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीलिटरला ४० युनिट, आणि सिरिंजवरच्या खुणा तिच्या आईला वाचता येत नव्हत्या. ती मुलीच्याच बोटानं मोजून घ्यायची. मुलगी हुशार होती. डिस्चार्जच्या दिवशी तिनं मला विचारलं, "डॉक्टर, हे बरं कधी होणार?" मी म्हणालो, इंजेक्शन चुकवू नकोस. हे उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं.

उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला, आणि त्या दिवसांपर्यंत महिन्यांत संपणारं आयुष्य वर्षांवर गेलं. पण वर्षं वाढली तसं दुसरंच काही दिसू लागलं. वीस वर्षं इन्सुलिन घेतलेल्यांचे डोळे जाऊ लागले, किडन्या निकामी होऊ लागल्या, पायांच्या संवेदना गेल्या. इन्सुलिननं मरण पुढे ढकललं होतं, आजार तिथेच होता. साखर काटेकोर ठेवली तर हे सगळं बरंचसं टाळता येतं याचा पक्का पुरावा १९९३ मध्ये १,४४१ पेशंटांच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासानं दिला. त्याच अभ्यासानं हेही दाखवलं की काटेकोरपणाच्या मागे लागलं की साखर एकदम खाली जाऊन बेशुद्ध पडण्यासारखे प्रसंग तिप्पट होतात. निरोगी स्वादुपिंड दर मिनिटाला रक्त चाखून इन्सुलिन सोडतं. सुई ते करू शकत नाही. मग ज्याला ते येतं तो अवयवच बसवला तर?

विचार सरळ आहे, अवयव मात्र सरळ नाही. पोटात मागच्या बाजूला, जठराच्या आड आडवं पडलेलं हे मऊ, पिवळसर मांस म्हणजे एकाच इमारतीतले दोन व्यवसाय. जवळपास सगळी जागा पाचकरस बनवणाऱ्या पेशींनी व्यापलेली. त्यांचा रस मांस विरघळवतो. आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले पेशींचे छोटे छोटे पुंजके, सगळे मिळून अवयवाच्या शेकडा एक-दोन भाग. हे पुंजके १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात नोंदवले. ते काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तसं त्यानं लिहूनही ठेवलं. इन्सुलिन तिथे बनतं. म्हणजे मधुमेह्याला हवे असतात ते हे पुंजके, आणि सोबत येते ती उरलेली रसायनशाळा, जी जरा धक्का लागला तरी स्वतःलाच पचवायला लागते. सर्जरीच्या पोरांना पहिल्या वर्षी सांगतात, पॅन्क्रियाजच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात थट्टा कमी आणि अनुभव जास्त असतो.

सदरलँड यांची गोष्ट ज्या विद्यापीठात घडली तिथे ही वाट आधीच तुडवली गेली होती. १७ डिसेंबर १९६६ रोजी विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या मधुमेही स्त्रीला किडनी आणि स्वादुपिंड एकत्र बसवलं. जगातलं हे पहिलं. काही दिवस तिला इन्सुलिन लागलं नाही. काही महिन्यांत ती गेली. १९७३ पर्यंत तिथे अशी चौदा रोपणं झाली. बहुतेक टिकली नाहीत.

आता इथे जरा थांबा, कारण या पुस्तकाचा माझ्या मते गाभा इथून सुरू होतो. २००१ साली सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'त एक लांबलचक पेपर छापला: एकाच संस्थेतल्या हजाराहून जास्त स्वादुपिंड रोपणांतून काय शिकलो. नेमका आकडा १,१९४. त्यांत १११ स्वादुपिंडं जिवंत दात्यांची, १९१ रोपणं दुसऱ्यांदा किंवा पुढच्या वेळी केलेली. किडनीसोबत ४९८, किडनीनंतर ४०४, एकट्या स्वादुपिंडाची २९१, आणि यकृतासोबत एक. हे लोक आपल्या कामाचे कालखंड पाडतात, पहिलं पर्व, दुसरं पर्व असे. पण मोजणी एकपासून सुरू होत नाही. सुरुवातीच्या त्या चौदांना त्यांनी शून्यावं पर्व म्हटलं आहे. वगळलं असतं तर टक्केवारी जराशी बरी दिसली असती, आणि कुणी बोट ठेवलं नसतं. ते पेशंट सदरलँड यांचे नव्हतेच. तरी त्या चौदा जणांना हिशेबात घेतलं आहे, आणि पहिली तारीखही तीच, १७ डिसेंबर १९६६.

शून्यावं पर्व १९७३ ला संपतं आणि पुढचं १९७८ ला सुरू होतं. मधल्या वर्षांत यादीत स्वादुपिंड नाही. तिथे काय झालं? सर्जन मंडळींनी इमारत सोडून फक्त तो छोटा व्यवसाय उचलायचं ठरवलं होतं. सेंट लुइसमध्ये पॉल लेसी यांनी १९६७ मध्ये उंदराच्या स्वादुपिंडातून हे पुंजके अख्खे वेगळे काढायची रीत छापली, आणि १९७२ मध्ये बॅलिंजर आणि लेसी यांनी ते मधुमेही उंदरांना बसवून त्यांची साखर उतरवून दाखवली. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलं. मिनेसोटात जॉन नॅजेरियन यांच्या विभागानं १९७४ पासून माणसांना पुंजके दिले. इन्सुलिन कुणाचंही सुटलं नाही. उंदराचं स्वादुपिंड पातळ पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं. माणसाचं चिवट, तंतुमय. उंदरात जमलं ते इथे जमेना.

ही रीत कशी असते ते मी एकदा परदेशात एका प्रयोगशाळेत उभं राहून पाहिलं आहे. बर्फातून आलेलं स्वादुपिंड. त्याच्या नळीतून कोलॅजेनेज नावाचं विकर आत सोडतात, अवयव पाणी भरलेल्या फुग्यासारखा टम्म फुगतो. मग त्याचे तुकडे एका पोलादी डब्यात, सोबत पोलादी गोळ्या, आणि शरीराच्या तापमानाला हा डबा सतत हलवत ठेवायचा. हा डबा १९८८ साली कॅमिलो रिकॉर्डी यांनी बसवून दिला, आणि अजून त्यांच्याच नावानं ओळखला जातो. दर काही मिनिटांनी थेंबभर द्राव काढून त्यात डायथायझोन हे रंगद्रव्य घालतात. पुंजक्यांत जस्त असतं, त्यामुळे ते लाल होतात, बाकी ऊती फिकी राहते. सूक्ष्मदर्शकावरची बाई मान वर न करता बोलत होती, "अजून नाही, अजून नाही, आता." त्या "आता"ला एक मिनिट उशीर झाला तर विकर पुंजकेही खाऊन टाकतं. लवकर थांबवलं तर ते मांसात अडकून राहतात. शेवटी हातात येतं ते पिशवीच्या तळाशी साचलेलं चमचाभर गाळासारखं काहीतरी. ते यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत थेंब थेंब सोडायचं. ज्या आजारासाठी वर्षानुवर्षं सुया टोचल्या त्याचा उपाय म्हणून तो गाळ फारच किरकोळ दिसतो.

परक्याचे पुंजके टिकत नव्हते, पण स्वतःचे? १९७७ मध्ये मिनेसोटाच्या त्याच गटानं स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेनं तळमळणाऱ्या पेशंटचं स्वादुपिंड काढलं, त्यातले पुंजके वेगळे केले आणि त्याच पेशंटच्या यकृतात परत सोडले. स्वतःचंच सामान, शरीरानं कुरकुर करायचं कारण नाही. २०१२ च्या पेपरात अशा ४०९ पेशंटांचा हिशेब आहे, त्यांत ५३ मुलं. तीन वर्षांनी सुमारे ३० टक्के पेशंट इन्सुलिनशिवाय होते. मुलांमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांपर्यंत. केरळात या जुनाट सुजेचे रुग्ण किती असतात हे आपल्याकडच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. लेखकानं या प्रकरणाला अजून चार पानं द्यायला हवी होती. त्याचं लक्ष पुढच्या नाट्याकडे लागलं होतं, हे उघड दिसतं.

पुढचं नाट्य मात्र खरंच मोठं आहे. १९७८ पासून अख्ख्या स्वादुपिंडाकडे पुन्हा वळल्यावर पहिला प्रश्न प्लंबिंगचा होता. बसवलेल्या अवयवातून पाचकरस वाहणार. तो सोडायचा कुठे? कुणी नळीत रबरासारखा पदार्थ भरून रसच बंद केला. कुणी तो पोटाच्या पोकळीत मोकळा सोडला. कुणी आतड्याला जोडला, आणि शिवण उसवून पोट पिकलं. ऐंशीच्या दशकात विस्कॉन्सिनच्या हान्स सोलिंगर यांनी तो मूत्राशयात सोडला, आणि सगळ्यांनी हायसं वाटून तीच रीत उचलली. फायदा असा की लघवी तपासली की अवयव नाकारला जातोय का ते लवकर कळायचं. रसातलं विकर लघवीत कमी झालं की सावध व्हायचं. तोटा असा की पेशंटच्या शरीरातला क्षार लघवीवाटे वाहून जायचा, मूत्राशय चुरचुरायचं, रक्त पडायचं. मग बऱ्याच जणांना दुसऱ्या ऑपरेशननं परत आतड्याला जोडावं लागलं. मिनेसोटाच्या यादीत या प्रत्येक वळणाचा पेपर आहे. लोकांना वाटतं सर्जन म्हणजे हातांची करामत. त्यातला मोठा भाग सांडपाणी कुठे काढावं हा असतो.

आणि मग १९८४ चा जुळ्यांचा पेपर. या पुस्तकातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मिनेसोटात १९७९ पासून जिवंत नातलगाकडून स्वादुपिंडाचा अर्धा भाग घेऊन रोपण करायला सुरुवात झाली होती. एकसारख्या जुळ्यांमध्ये तर अवयव नाकारला जाण्याचा प्रश्नच नको. बोस्टनचं १९५४ चं पहिलं यशस्वी किडनी रोपणही अशाच जुळ्यांमधलं. तेव्हा एकाला कित्येक वर्षं मधुमेह आणि दुसरा ठणठणीत अशा जुळ्यांच्या जोड्या घेतल्या. ठणठणीत भावंडानं अर्धं स्वादुपिंड दिलं. औषधं नाहीत, कारण गरजच नाही. साखर उतरली, इन्सुलिन बंद. ज्यानं वीस-वीस वर्षं सुई घेतली त्याला ती न घेता जेवायला बसल्यावर काय वाटलं असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे.

काही आठवड्यांत साखर परत चढली.

अवयवाचा तुकडा काढून तपासला. नाकारला गेल्याची खूण कुठेच नाही. रक्तवाहिन्या स्वच्छ, पाचकरसाच्या पेशी जागच्या जागी. फक्त ते पुंजके, आणि त्यांतही फक्त इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, पांढऱ्या पेशींनी वेढून संपवलेल्या. मूळ आजारानं पहिल्या स्वादुपिंडाचं जे केलं तेच दुसऱ्याचं केलं, आणि बाकी कशालाही हात लावला नाही. टाइप वन मधुमेह म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी स्वतःच्याच घरावर केलेला हल्ला, हा विचार तेव्हा नवा होता. या रुग्णांच्या रक्तात पुंजक्यांविरुद्ध प्रतिपिंडं असतात हे लंडनच्या बोटाझो यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. पण हा हल्ला माणसात समोरासमोर, आठवड्यांच्या हिशेबात, पुन्हा घडताना कुणी पाहिला नव्हता. ऑपरेशन फसलं. आणि त्या फसण्यातून आजाराचा स्वभाव कळला. पुढच्या जुळ्यांना मग पहारेकरी शमवणारी औषधं दिली, आणि अवयव टिकले.

मला जे सांगायचं आहे ते इथे सांगून टाकतो. एखाद्या माणसाच्या पेपरांची यादी वाचताना मी आता एवढंच बघतो की तो परत गेला का. ऑपरेशन करून, फोटो काढून, पेपर छापून तो पुढच्या पेशंटकडे निघून गेला, की साखर परत चढल्यावर तुकडा काढून बघायला थांबला? दोन वर्षांनी गेला का? दहा वर्षांनी? या यादीची ताकद तिच्या आकड्यात नाही, त्या परतीच्या फेऱ्यांमध्ये आहे.

त्यांतली सगळ्यात अवघड फेरी दात्यांकडची. आजारी माणसावर ऑपरेशन करून अपाय झाला तर निदान तो आजारी होता असं स्वतःला सांगता येतं. दाता निरोगी असतो. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये याच गटाचा, सदरलँड यांचं नाव असलेला, पेपर आला: अर्धं स्वादुपिंड दिलेल्या २८ जणांचं वर्षभरानं काय झालं. त्यांतल्या चौथ्या हिश्शाची साखर पचवण्याची क्षमता बिघडलेली निघाली. मधुमेही भावासाठी पोट उघडून घेतलेला माणूस स्वतःच त्या वाटेवर. आपल्याच कार्यक्रमाविरुद्धचा पुरावा आपणच गोळा करून सगळ्यांसमोर ठेवायचा, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. पुढे दाते निवडण्याचे निकष कडक झाले त्यामागे हा पेपर आहे.

आणि मग १९९८ चा, ज्यावरून मी या प्रस्तावनेचं नाव घेतलं. त्याचं पहिलं नाव इटलीच्या पाओला फियोरेत्तो यांचं, सोबत मायकेल माउअर, सदरलँड आणि इतर. प्रश्न असा की साखर पूर्ण ताळ्यावर आली तर मधुमेहानं बिघडलेली किडनी सुधारते का? आठ पेशंट घेतले. किडनी निकामी झालेली नव्हती, पण रोगाच्या खुणा होत्या. फक्त स्वादुपिंड बसवलं. आधी किडनीचा सुईएवढा तुकडा घेतला, मग पाच वर्षांनी पुन्हा. पाच वर्षांची साखर निर्दोष, आणि तुकडा? होता तसाच. गाळणीच्या चाळणीची जाड झालेली भिंत जाडच. बहुतेक माणसांनी इथे नाही सुधारत असा पेपर लिहून फाइल बंद केली असती. या लोकांनी त्याच आठ जणांना आणखी पाच वर्षांनी पुन्हा टेबलावर झोपवलं. दहाव्या वर्षी भिंत पातळ झाली होती. साचलेला गाळ विरघळला होता. काहींमध्ये गाळणी जवळजवळ निरोग्यासारखी दिसत होती. दहा वर्षं वाट पाहिल्यावाचून हे कुणालाच कळलं नसतं.

मी पॅथॉलॉजीचा नव्हे, तरी त्या स्लाइडची छापील चित्रं बघून एका संध्याकाळी गप्प बसलो होतो. वर्षानुवर्षं आम्ही पेशंटला सांगत आलो होतो की गेलेलं परत येत नाही. आमच्या पिढीचं हे पाठ वाक्य होतं. अर्थात यात एक ग्यानबाची मेख आहे. अवयव टिकवायला दिलेलं सायक्लोस्पोरिन हे औषध किडनीला स्वतःच जाच करतं, त्यामुळे चाळणी सुधारली तरी त्या पेशंटांची किडनी गाळायच्या कामात थोडी मागेच गेली. पेपरात हेही लिहिलेलं आहे. डोळ्यांच्या बाबतीत तर १९८८ मध्येच त्याच विद्यापीठातून आलेल्या पेपरानं सांगितलं होतं की रोपणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पडद्याचा आजार थांबल्याचं दिसत नाही. हाही यादीत आहे.

एवढ्यावर एखाद्याला वाटेल की पुंजक्यांची वाट बंदच पडली. तसं झालं नाही. कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी जुलै २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये सात पेशंट मांडले, सातही इन्सुलिनमुक्त. १९९० पासून जगभरात झालेल्या २६७ पुंजका-रोपणांपैकी वर्षभर इन्सुलिनशिवाय राहिले होते फक्त ८.२ टक्के, तेव्हा सातपैकी सात म्हणजे काय ते लक्षात येईल. गुपितं दोन होती: एका पेशंटला एकाहून अधिक दात्यांचे पुंजके, आणि स्टेरॉइड वगळून बांधलेली औषधांची मोट. त्यातलं एक सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूतून आलेलं हे औषध माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्र नाथ सेहगल यांनी वेगळं काढलं. जन्म फाळणीआधीच्या पंजाबात, खुशाबला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव शोधून सापडत नाही. पुढे २००५ मध्ये एडमंटननंच पाच वर्षांचा हिशेब दिला. त्यात इन्सुलिनविना सुमारे १० टक्केच उरले होते, मात्र बऱ्याच जणांचे पुंजके थोडं थोडं काम करत होते आणि बेशुद्ध पडण्याचं भय गेलं होतं. तेही परत गेले, असं म्हणू.

एकटी संस्था परत गेली तरी पुरत नाही. १९८० मध्ये मिनेसोटात स्वादुपिंड रोपणाची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, सदरलँड यांच्या पुढाकारानं. जगात कुठेही असं ऑपरेशन झालं की कळवा. यशस्वी असो वा नसो. एकेक सर्जन आपापल्या पाच केसांवर फुशारकी मारत असताना सगळ्यांचं अपयश एका वहीत लिहायला लावणं हे चिकाटीचं काम आहे. पुढे अँजेलिका ग्रूसनर यांनी या वहीचं विश्लेषण वर्षानुवर्षं केलं. लेखकाला नोंदवहीचं प्रकरण कंटाळवाणं होईल अशी धास्ती होती. मला तसं वाटलं नाही. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हिशेबाची वही कधी कंटाळवाणी वाटत नाही.

आपल्याकडची गोष्ट या संदर्भात काढायलाच हवी. भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं २०२३ मध्ये छापून आलेल्या इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या पाहणीत आढळलं. त्यांतल्या बहुतेकांचा आजार टाइप टू, आणि त्यांच्यासाठी हे ऑपरेशन नाही. ज्यांना लागू पडेल त्यांनाही आयुष्यभराच्या औषधांचा भार सोसावा लागतो. सुई सोडून गोळ्या धरणं हा सौदा प्रत्येकाला फायद्याचा नाही. अख्खं स्वादुपिंड मिळायला मेंदू मृत झालेला दाता लागतो, असं दान मान्य करणारा कायदा आपल्याकडे १९९४ चा, आणि यादीत किडनीसाठी ताटकळणारेच इतके आहेत की स्वादुपिंडाचा विचार करायला कुणाला सवड नाही. हे सगळं खरं. पण माझी अडचण वेगळी आहे.

निवृत्तीच्या आधी मला वाटलं, आपणही एकदा परत जाऊन बघावं. माझ्या हाउसमनशिपच्या काळात टाइप वन म्हणून दाखल झालेल्या मुलांचं पुढे काय झालं? किती जगली, किती जणांचे डोळे शाबूत आहेत? रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कुठलंही घ्या. रेकॉर्ड रूमचा शिपाई मला एका बोळात घेऊन गेला. सुतळीनं बांधलेले केसपेपरांचे गठ्ठे, वरचे पावसानं भिजून लगदा झालेले, खालचे वाळवीचे. त्या वर्षांचे रद्दीत गेले होते. शिपायाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "साहेब, आधी सांगितलं असतं तर ठेवले असते." आधी म्हणजे कधी? आणि दोष फक्त त्या बोळाचा नाही. मीही त्या मुलीला डिस्चार्ज देताना पत्ता लिहून घेतला तो नुसता गावाचा. परत जायचं आहे असं माझ्या मनातच नव्हतं.

म्हणून मिनियापोलिसच्या त्या आठ पेशंटांचं मला अप्रूप वाटतं. दहा वर्षं त्यांचा पत्ता कुणाकडे तरी होता. कुणीतरी फोन केला. ते आले.

लेखकाशी माझे दोन-तीन मतभेद आहेत ते नोंदवून ठेवतो. त्यानं लँगरहॅन्सच्या पुंजक्यांना आधी 'द्वीपिका' म्हटलं होतं. मी म्हणालो, हा शब्द तुझ्या पेशंटपैकी एकाच्या तरी तोंडी येईल का? मग त्यानं 'बेटं' केलं. तेही मला पटलेलं नाही, पण लँगरहॅन्सचं नाव आणि बेट हा शब्द एकत्र रूढ होऊन बराच काळ झाला. वाचकानं समुद्राचा विचार बाजूला ठेवावा. दुसरं, त्यानं शेवटी दाता न लागणाऱ्या, मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पुंजक्यांवर एक प्रकरण जोडलं आहे. २०२५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ पैकी १० पेशंट वर्षाअखेर इन्सुलिनमुक्त होते. बातमी मोठी आहे, मी नाकारत नाही. पण ते एका वर्षाचं आहे. एडमंटनचे सातही एका वर्षाचेच होते. हे प्रकरण परिशिष्टात टाक असं मी सुचवलं. त्यानं ऐकलं नाही, आणि पुस्तक त्याचं आहे.

तिसरा मतभेद सुरुवातीबद्दल होता. मला वाटत होतं की पुस्तक १९६६ पासून सुरू व्हावं. तो म्हणाला, नाही सर, शून्याच्याही आधीपासून. वाचून पटलं. तेव्हा पान उलटल्यावर मिनेसोटा लगेच दिसणार नाही. इंग्लंडातलं ब्रिस्टल दिसेल, २० डिसेंबर १८९३ चा दिवस. इन्सुलिनचा शोध अजून अठ्ठावीस वर्षं दूर आहे. पंधरा वर्षांचा एक मुलगा मधुमेहानं खंगत पडला आहे, आणि वॉटसन विल्यम्स नावाचा डॉक्टर नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे त्याच्या कातडीखाली बसवतो आहे. मुलगा तीन दिवसांनी गेला. डॉक्टरनं ते लपवलं नाही. पुढच्या वर्षी छापलं.